धाकटीकडचं जेवण

कुंताबाईनं पातेल्यातून चिमूटभर पेज उचलली, अंगठा आणि बोट यांच्यात चोळून पाहिली, आणि एक कणी बोटाला लागली तशी पुन्हा गरम पाणी ओतून ती चाटूनं घोटायला बसली. चुलीतलं लाकूड ओलं होतं. धूर सरळ डोळ्यांत येत होता, पण उठून ते लाकूड बदलावं हे काही तिला सुचत नव्हतं. सकाळपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं.

आवाराच्या फाटकाला लावलेल्या बांबूच्या ताटीशी कोणीतरी खाकरलं.

"कुंते."

आवाज तिनं ओळखला. आषाढातल्या अखाडीच्या सणापासून त्या आवाजानं तिचं नाव तिच्या तोंडावर घेतलं नव्हतं. मागं घेतलं होतं, सगळ्या गावात घेतलं होतं, समोर नाही.

ती पदर सारखा करत बाहेर आली. तिची थोरली जाऊ शकुनबाई ताटीच्या पलीकडं उभी होती. बांबूला हात लागणार नाही एवढं अंतर तिनं राखलं होतं.

"काय केलं जेवाले?"

"कनकीची पेज केली, बाई. घट्ट. आन वरन."

"कनकी राहू नोको देजो. दाना लागला नाई पाहिजे, असं डॉक्टरनं सांगतलं. वरन गाळून घेजो फडक्यातून. येक घास झाला का घोटभर गरम पानी पाजजो. ताठ बसवजो, पाठीले टेकू देजो. जेवन झाल्यावर आडवं नाई होऊ द्याचं, सारं वर येते."

"हो, बाई."

"थे मागतीन. भात मागतीन, भाजी मागतीन. नोको देजो. सालाचं काई नाई, रेशाचं काई नाई. नागपूरच्या मेडिकलमंधी आमच्या बाजूच्या खाटीवर येक मानूस होता. त्यानं संत्र्याची येक फोड खाल्ली..." शकुनबाई थांबली. त्या माणसाचं पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही.

कुंताबाई म्हणाली, "मंग कायले येऊ देता, बाई? तुमच्याच घरी जेवू द्या न त्यायले."

"मी का पाठवून राहिली? पाय धरले मी त्यायचे. आयकत नाईत." शकुनबाईनं ताटीवरून बाहेर आलेल्या वेलाचं एक वाळकं पान तोडलं, चुरलं. "डॉक्टरनं मले बाजूले नेऊन सांगतलं. पुढच्या पावसातला धानाचा रोवना पाहत नाईत म्हने थे. नळी बसवली तरी बिमारी हाये तिथंच हाये. त्यायले ठाऊक हाये सारं. म्हनूनच येऊन राहिले."

जायच्या आधी आपल्यावरचा आळ काढायला ते येताहेत, हे कुंताबाईला एकदम कळलं आणि तिनं ताटीच्या खांबाला हात लावला.

"बाई, येक विचारू का? तुमाले काय वाटते? मी काई चारलं त्यायले?"

शकुनबाईनं चुरलेलं पान बोटांवरून झटकलं.

"पानी गरम ठेवजो," ती म्हणाली, आणि आल्या वाटेनं निघून गेली.

आसगावात सुखरामला, शकुनबाईच्या नवऱ्याला, कोणी कधी आजारी पाहिलेलं नव्हतं. खळ्यावर धानाचं पोतं दुसऱ्याच्या मदतीवाचून पाठीवर घेणारा माणूस. त्याचा धाकटा भाऊ, कुंताबाईचा नवरा घनश्याम, काविळीनं गेला तेव्हा कुंताबाईच्या पदरी मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत जाईल असंच सगळे धरून चालले होते. ती गेली नाही. घनश्यामच्या वाट्याच्या बांध्या, धानाची बांध घातलेली शेतं, ती स्वतः करायला लागली. तळ्याखालच्या एका बांधीवरून मात्र दोन्ही घरांत कुरबुर होत राहिली. शेवटी अखाडीच्या दिवशी सुखराम चार माणसं घेऊन तिच्याकडं आला, 'थे बांधी धाकटीची, आता कोनी बोलाचं नाई,' असं सगळ्यांदेखत सांगितलं, आणि तिच्या सपरीत, घरापुढच्या ओसरीवर, बसून जेवला.

जेवताना एक घास त्याच्या छातीत अडला. त्यानं मूठ छातीवर दाबून धरली, लोटाभर पाणी प्याला आणि हसून पुढं जेवला. एवढंच झालं होतं. पण पाहणारे चार जण होते.

पुढं त्याला पोळी अडायला लागली. मग भात. दिवाळीपर्यंत तो पातळ पेजेवर आला, आणि दिवाळीनंतर पेजही नाकातोंडातून परत यायला लागली. खांद्यांची हाडं वर आली. तेव्हा शकुनबाईचा भाऊ तुलाराम, जो त्याच गावात राहायचा, नदीपलीकडून करणी ओळखणाऱ्या एका जाणत्याला घेऊन आला. जाणत्यानं सुपात तांदूळ टाकले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "घरच्याच बाईच्या हातचं खाल्लं यानं." घरच्या बाया दोनच होत्या, आणि त्यातली एक समोर बसून रडत होती.

त्या दिवसापासून कुंताबाईच्या आवारात कोणी आलं नाही. शेजारची केशरबाई विरजण मागायची, ती बंद झाली. विहिरीवर ती गेली की बाया बादल्या भरून बाजूला होत आणि ती जाईपर्यंत मुलांना पदराआड घेत. धान कापणीला आलं तर मजुरीलाही कोणी येईना. तळ्याखालची ती बांधी तिनं एकटीनं कापली, पेंढ्या एकटीनं बांधल्या. ते सगळं तिनं सोसलं. पण एकदा दुकानातून मीठ घेऊन येताना पारावरचं बोलणं तिच्या कानावर पडलं. सुखरामला काही झालं तर हिच्या तोंडात दात ठेवायचे नाहीत, असं कोणीतरी म्हणत होतं. जादू करणारीचे दात पाडले की तिला मंत्र म्हणता येत नाही, असं त्या भागात मानत. वरच्या अंगाच्या एका गावात खरंच एका बाईचं तसं केलं होतं. कुंताबाईनं ती बाई बाजारात पाहिली होती. ती बोलायची नाही. हातानं दाखवून कांदे घ्यायची.

मग नागपूरला नेलं सुखरामला. तिथं पांढरं औषध पाजून फोटो काढले आणि अन्ननलिकेत गाठ आहे, काढण्याजोगी राहिलेली नाही, असं सांगितलं. पोटावर चिरा देऊन त्या गाठीतून आरपार एक नळी ओढून बसवली. गाठ तशीच राहणार होती. अन्नाला वाट झाली, इतकंच.

पौषात तो परत आला. काठी टेकत पारावर गेला. लोक गोळा झाले. त्यानं सगळ्यांसमोर लोटाभर दूध पिऊन दाखवलं, मग म्हणाला, "त्या वार्डात माह्यासारखे गंज लोक होते. भंडाऱ्याचे होते, चांद्याचे होते, पार छिंदवाड्याचे होते. त्या सगळ्यायले का आमच्या धाकटीनं चारलं?"

"त्यायच्याबी घरी असन कोनी," तुलाराम म्हणाला.

लोकांनी माना हलवल्या. ते त्यांना पटण्यासारखं होतं.

सुखरामनं काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "बरं. उद्या मी तिच्याच घरी जेवतो. ज्याले पाहाचं थ्यानं या पाहाले."

आणि म्हणून आज कुंताबाई पेज घोटत होती.

शकुनबाई गेल्यावर तिनं वरण फडक्यातून गाळलं. गाळता गाळता हात थांबला. जिनं घरोघरी जाऊन आपलं नाव घेतलं, तिनं सांगितलेलं खरं कशावरून? पाणी थंड पाजायचं असेल आणि हिनं गरम सांगितलं असेल तर? पाठीला टेकू द्यायचा नसेल तर? दुसरं कोणाला विचारावं असं गावात कोणी नव्हतं. तिनं फडकं पिळलं. पाण्याचं भांडं चुलीच्या वैलावर ठेवलं. शकुनबाई यायच्या आधीच, पाहुण्याचं ताट नुसत्या पेजेचं कसं वाढायचं म्हणून तिनं मूठभर वांग्याची भाजी केली होती. ती वाटी तिनं फडताळात सारली आणि वर झाकण ठेवलं.

उन्हं सपरीच्या पायरीवर आली तशी माणसं जमायला लागली. आत कोणी आलं नाही. पुरुष कुंपणालगत बोरीखाली उभे राहिले, बाया केशरबाईच्या भिंतीशी. शकुनबाईही त्यांच्यातच होती, अंगाभोवती पदर गच्च गुंडाळून. तुलाराम ताटीला टेकून उभा होता.

मग सुखराम आला. गळ्याला मफलर, अंगात जुना कोट. कोटात माणूस फार थोडा उरलेला. त्यानं पायरीवर काठी ठेवली, पाटावर बसला आणि खांबाला पाठ टेकली. कुंताबाईनं पायावर पाणी घातलं. नवऱ्याचा थोरला भाऊ, भासरा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच्यासमोर कधी पदराशिवाय आली नव्हती, आणि तोही कधी तिच्याशी सरळ बोलला नव्हता. काही सांगायचं तर खांबाला सांगायचा, भिंतीला सांगायचा.

"वाढा म्हना," तो खांबाला म्हणाला.

तिनं ताट ठेवलं. पेज, वर वरण, कडेला तुपाची धार. बाजूला गरम पाण्याचा लोटा. त्यानं पेज कालवली, पहिला घास तोंडात घेतला. बराच वेळ तोंडातच घोळवला. मग मान जराशी उंच केली आणि गिळलं. कुंपणाशी कोणीतरी खोकलं. कुंताबाई दाराच्या चौकटीशी उभी राहून त्याच्या गळ्याकडं पाहत होती. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्यानं पाणी घेतलं. तेही गेलं.

दुसरा घास. पाणी. आणखी एक.

"उतरून राहिलं न, बापा," केशरबाई हलकेच म्हणाली.

तुलारामनं ताटीवरचा हात काढला. "पेज तं दूधपितं लेकरूही गिळते, भाऊजी. पेजेत काय कळते? अखाडीले का पेज खाल्ली होती तुमी?"

बोरीखाली कुजबुज झाली. सुखरामनं हातातला घास ताटात ठेवला.

"घरात भाजी हाये का म्हना."

"नाई केली," कुंताबाई दाराआडून म्हणाली.

"वास येऊन राहिला वांग्याचा."

 त्यानं मान वळवली आणि पहिल्यांदाच खांबाऐवजी तिच्याकडं पाहिलं.

"आन, बाई. घाबरू नोको."

तिनं कुंपणापलीकडं पाहिलं. शकुनबाईनं मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. पण तिथं उभे असलेले सगळेच आता कुंताबाईकडं पाहत होते. भाजी आहे आणि ती वाढत नाही, म्हणजे त्या भाजीत काहीतरी आहे. वाढली आणि अडली, तर तेच.

ती आत गेली. वाटीतलं अर्धं वांगं तिनं पानावर घेतलं, सालं नखानं सोलून काढली, आतला मऊ गर बोटांनी कुस्करला. घाईघाईत अर्धा गर पानाखाली सांडला. मागून तुलारामचा आवाज आला, "येवढा वेळ कायले लागून राहिला?" तिनं उरलेला गर दुसऱ्या वाटीत घेतला आणि बाहेर येऊन ताटाच्या कडेला वाढला.

सुखरामनं त्यातला बराचसा पेजेत कालवला. मोठा घास केला, धडधाकट माणसाचा घास, आणि लोकांकडं तोंड करून खाल्ला.

गिळला. पाण्याचा घोट घेतला. आणि तसाच बसून राहिला.

"चांगली झाली भाजी," तो म्हणाला. "मीठ बरोब्बर."

त्यानं ताटाला नमस्कार केला आणि हात धुवायला पुढं धरला. कुंपणाशी उभी माणसं सैल झाली. कोणी बिडी काढली. केशरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जेवले न, बापा. पाहा, चांगले जेवले. उगाच बाईच्या जिवावर उठले होते." एक म्हातारा "बरं झालं, बरं झालं" म्हणत वळला. तुलाराम थुंकला आणि ताटीकडं पाठ करून उभा राहिला.

कुंताबाई त्याच्या हातावर पाणी घालत होती, म्हणून तिला दिसलं. त्यानं पाण्याचा तो शेवटचा घोट गिळलाच नव्हता. मफलरच्या टोकात हळूच सोडला होता. आता तो पुन्हा पुन्हा ते टोक ओठांना लावत होता. तोंडात लाळ भरत होती आणि खाली जात नव्हती. कपाळावर घाम आला होता. पौषातल्या थंडीत.

तिनं वर पाहिलं. तो तिच्याचकडं पाहत होता. त्यानं मान हलवली. बोलू नकोस. मग दुसऱ्या हातानं खांब धरला आणि उठायची तयारी केली, हसऱ्या तोंडानं.

तिला वेगळं काहीच करायची गरज नव्हती. लोटा रिकामा करायचा होता, बाजूला व्हायचं होतं. तो पायऱ्या उतरून गेला असता, लोकांसमोरून काठी टेकत गेला असता, आणि पुढं जे व्हायचं ते त्याच्या घरात झालं असतं. बोरीखालून माणसं निघालीसुद्धा होती. ताटीजवळ केशरबाईचा हात आत यायला बांबूवर आला होता.

कुंताबाईच्या हातातून लोटा सुटला आणि पायरीवरून ठणठणत खाली गेला.

"बसा!" ती भासऱ्याला म्हणाली. डोक्यावरचा पदर खाली आला होता. तिनं त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला पाटावर बसवलं आणि ओरडली, "बाई! अहो बाई! अडकलं! या लवकर!"

गेलेली माणसं वळली. केशरबाईचा हात बांबूवरून निघाला. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं आणि मग एकदम सगळे बोलायला लागले. तुलारामनं ताटी लाथेनं उघडली आणि तो आत आला.

"पाहिलं? पाहिलं न सगळ्यायनं? डोळ्यादेखत..."

त्यानं कुंताबाईचा दंड धरून तिला ओढलं. तिनं सुखरामचे खांदे सोडले नाहीत. बोरीखालचे दोघे तिघे ताटीतून आत आले होते. त्यातल्या एकाच्या हातात कुंपणाचा बांबू होता. त्यानं तो कधी उपसला हे त्यालाही कळलं नसावं.

"बाजूले हो, तुलाराम."

शकुनबाई सपरीत चढली होती. पदराखालून तिनं गोटी सोड्याची बाटली काढली. सकाळपासून ती तिनं पोटाशी धरली असावी. काच कोमट झाली होती. अंगठ्यानं गोटी आत दाबली, फसफस वर आली.

"बाजूले हो म्हनलं न! हात सोड तिचा. तिच्याबिगर उचलनार कोन यायले?" मग कुंताबाईला, "त्या बाजूनं धर. उभं कराचं. अडलं तं सोडा पाजून चालवाचं, डॉक्टरनं सांगतलं."

दोघींनी त्याला दोन बाजूंनी उभं केलं. शकुनबाईनं बाटली तोंडाला लावली. सोडा आत गेला, फेस होऊन नाकातून आला. तो वाकला. श्वास चालू होता, पण डोळे बाहेर आले होते आणि हातांची नखं कुंताबाईच्या मनगटात रुतली होती. त्यांनी त्याला पायऱ्यांवरून उतरवलं, आवारात चालवायला लागल्या. चुलीसाठी रचलेल्या लाकडांपर्यंत, तिथून ताटीपर्यंत, परत. ताटीशी आल्या की लोक मागं सरत.  बांबू हातात असलेला माणूस तो कुठं ठेवावा ते न कळून तसाच उभा होता.

"आखीन येक घोट," शकुनबाई म्हणाली. "गिळू नोका. नुसता धरून ठेवा. हळू हळू. हं."

पुन्हा फेस आला. पुन्हा चालवलं. त्याचे पाय घसटायला लागले होते. त्याचं वजन जवळजवळ सगळं कुंताबाईवर आलं होतं, आणि ते किती थोडं होतं ते तिला कळत होतं. कोटातून बरगड्या तिच्या हाताला लागत होत्या. तिच्या तोंडाशी देवाचं नाव येत होतं, पण तिनं ओठ मिटून घेतले. लोक पाहत होते. ओठ हललेले दिसले असते तर ते काय म्हणाले असते हे तिला ठाऊक होतं.

लाकडांपाशी तो थांबला. पोटातून मोठी ढेकर आली, मग उमासा, आणि त्याच्यामागून खोकल्याची एक उबळ. शकुनबाईनं त्याच्या तोंडापुढं ओंजळ धरली. चिकट लाळ आली, पेज आली, आणि त्यात काहीतरी काळं.

तो उभ्या उभ्या थरथरत होता. त्यानं खोल श्वास घेतला, एकदा आवंढा गिळून पाहिला, पुन्हा गिळून पाहिला.

"गेलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

त्यांनी त्याला पाटावर आणून बसवलं, पाठ खांबाला टेकवली. कुंताबाईनं आतून गरम पाणी आणलं. त्यानं दोन घोट घेतले. राहिले. त्यानं डोळे मिटले.

शकुनबाई ओंजळ तशीच धरून पायरीवर आली. दुसऱ्या हाताच्या बोटानं तिनं ते काळं बाजूला काढलं आणि उन्हात धरलं. नखाएवढं होतं.

"साल हाये," ती म्हणाली. "वांग्याचं."

 मग तुलाराम म्हणाला, पण आता आवाज जरा खाली आणून, "साल असो का काई असो, बाई. अडलं तं हिच्याच हातचं न? अखाडीलेही हिच्याच हातचं अडलं होतं. तू काई म्हन."

बोरीखाली आणि भिंतीशी सगळे शकुनबाईकडं पाहत होते. कुंताबाईही पाहत होती. सकाळी ताटीपाशी विचारलं होतं ते पुन्हा विचारायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती दाराच्या उंबऱ्यावर बसली. पदर अजून खांद्यावरच होता. तो डोक्यावर घ्यायचं तिला आठवलंही नाही.

शकुनबाईनं पायरीखाली पडलेला लोटा उचलला. रांजणातल्या पाण्यानं भरून घेतला, हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत. मग ती सपरीत आली. नवऱ्याचं ताट तसंच पडलं होतं: अर्धी पेज, वर साय धरलेलं वरण, कडेला वांग्याचा तो राहिलेला गर. तिनं ते ताट आपल्याकडं ओढलं आणि लोकांकडं तोंड करून खाली बसली.

"शकुन," तुलाराम म्हणाला.

तिनं पेज आणि वांगं एकत्र कालवलं, घास केला, खाल्ला. सुखरामनं डोळे उघडले होते. तो तिच्याकडं पाहत होता.

"बाई, थंड झालं असन थे," कुंताबाई उंबऱ्यावरून म्हणाली. "उष्टं हाये. दुसरं वाढते मी तुमाले."

"राहू दे."

ती खात राहिली. घाई नव्हती. घरी भुकेला माणूस जेवतो तशी ती जेवत होती, बोटांनी ताट पुसून घेत. बांबू हातात असलेल्या माणसानं तो कुंपणाला उभा टेकवला. दोघे तिघे निघून गेले; बाकीचे जायला धजेनात. तुलाराम ताटीबाहेर गेला, तिथं थोडा वेळ उभा राहिला, आणि मग आपल्या बहिणीच्या घराकडं न जाता तळ्याच्या वाटेला लागला.

ताट रिकामं झालं तशी शकुनबाईनं मान वर केली.

"वांगं राहिलं का आखीन?"

"हाये, बाई. सालाचंच हाये."

"मले का नळी हाये? आन."

कुंताबाई आत गेली. पानाखाली सांडलेलं तसंच ठेवून तिनं वाटीतलं घेतलं, पळी घेतली, बाहेर आली. वाढताना पळी ताटाच्या काठावर वाजायला लागली. शकुनबाईनं उष्ट्या हातानं ताट उचललं आणि पळीखाली धरून ठेवलं, सगळं वाढून होईपर्यंत.